नऊ वाजता सव्वाचार

आमच्या प्रार्थनासभेचा एक जुना नियम आहे. माणूस लागोपाठ तीन रविवार आला नाही, तर चौथ्या आठवड्यात त्याचं दार वाजतं. फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही. दोघांनी जायचं, दार वाजवायचं, आत घेतलं तर प्रार्थना जेवढा वेळ चालते तेवढा वेळ, म्हणजे एक तास, त्याच्याजवळ बसायचं आणि उठून यायचं. अठरा वर्षं हे काम मी आणि घड्याळं दुरुस्त करणारे आमचे घड्याळजी करत आलो. दार वाजवायचं त्यांनी, बोलायचं मी.

बोलणं मला जमतं. मी शहर बससेवेत तिकीट तपासनीस होते, एकतीस वर्षं. मी बसमध्ये चढल्याबरोबर कोण खिडकीबाहेर बघायला लागतं आणि कोण उगाच खिसे चाचपतं, यावरून कुणाकडे तिकीट नाही ते मला कळायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सभेत मला चेकरबाईच म्हणतात. संशयी आहे असंही म्हणतात, माझी पाठ वळली की. म्हणोत बापडे. बस विश्वासावर चालत नाही, डिझेलवर चालते, एवढं मला माहीत आहे.

सभेचा हॉल टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली टायर, वर देव. हजेरीची वही सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि या गोष्टीपर्यंत मी स्वतः एक रविवार चुकवलेला नव्हता. साथीच्या वर्षी हॉल बंद होता, तेव्हा मास्तरांच्या सुनेने पडद्यावर सभा भरवायला सुरुवात केली. मास्तर म्हणजे आमचे प्रमुख. शाळेत भूगोल शिकवायचे, आता दर रविवारी आम्हाला चार चांगल्या गोष्टी सांगतात. साथ गेली, पडदा राहिला. आता हॉलमध्ये जेमतेम पस्तीस माणसं आणि पडद्यावर दोनशे, तीही चार देशांतली. मास्तर हल्ली बोलताना आमच्याकडे बघतच नाहीत, कॅमेऱ्याकडे बघून हसतात. शेवटी मोठ्या कौतुकाने आकडा वाचून दाखवतात.

आणि हजेरी? पडद्यावर नाव उमटलं की माणूस हजर. ती यादी यंत्र आपोआप काढतं आणि सूनबाई मला छापून देते. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! दोनशेंपैकी दीडशे चौकोन काळे असतात, खाली नुसतं नाव. त्या काळ्या चौकोनामागे माणूस बसलाय की भिंत, कोण बघायला गेलंय? पण नियमाने ते हजर. त्यामुळे गेल्या सव्वा वर्षात आम्ही एकाचंही दार वाजवलं नव्हतं.

त्यात घड्याळजीही पडद्यात गेले. गुडघा दुखतो, दोन जिने चढवत नाहीत, असं त्यांनी मास्तरांना सांगितलं. मला नाही. अठरा वर्षं ज्या बाईबरोबर शहरातले जिने चढले, तिला एका शब्दाने सांगू नये? मला फार लागलं ते. मी ठरवलं, आपण होऊन फोन करतील तेव्हा बोलू. त्यांनी केला नाही. शेवटी मीच दोनदा केला. एकदा म्हणाले, "बरा आहे बाई, ठेवतो." दुसऱ्यांदा त्यांच्या मुलीने उचलला. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, बोलणं एकदम तोडून. म्हणाली, "बाबा झोपलेत." रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. मी ते लक्षात ठेवलं.

एरवी मी पडद्याकडे पाठ करूनच बसते. पण एका रविवारी दाराला रंग लावला होता म्हणून माझं टेबल आत, पडद्यासमोर आलं. घड्याळजींचा चौकोन काळा नव्हता. राखाडी स्वेटर घालून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ते ऐकत बसले होते, मधूनमधून मान डोलवत होते. बघून बरं वाटलं. मग त्यांच्या डोक्यामागचं भिंतीवरचं घड्याळ दिसलं. त्यात सव्वाचार वाजले होते. आमची प्रार्थना सकाळी नऊला सुरू होते.

घरी येऊन यांना सांगितलं. आमचे हे पोस्टात होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळली, पण एकही उन्हाकडे धरून बघितलं नाही, इतका साधा माणूस.

"सेल संपला असेल," हे म्हणाले.

"चालू होतं अहो. प्रार्थना संपली तेव्हा सव्वापाच झाले होते."

"मग वेळ चुकीची लावली असेल."

"घड्याळजींनी?"

हॉलमधलं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तर भर प्रार्थनेत खुर्चीवर चढणारा तो माणूस. त्याच्या स्वतःच्या भिंतीवर पावणेपाच तासांची चूक? कुठेतरी पाणी मुरत होतं.

सूनबाई दर आठवड्याची सभा साठवून ठेवते, ज्याला हवी त्याला पुन्हा बघता यावी म्हणून. मी यांचा टॅबलेट घेतला आणि मागचे सात रविवार ओळीने बघितले. प्रत्येक रविवारी राखाडी स्वेटर. प्रत्येक रविवारी नऊला सव्वाचार. बरोबर सव्विसाव्या मिनिटाला घड्याळजी उजवा कान खाजवत होते, सातही वेळा. एका रविवारी मास्तरांना ठसका लागला होता, दोन मिनिटं कुणी काही बोलत नव्हतं, आणि घड्याळजी मान डोलवत होते. मी सगळं मिनिटांसकट कागदावर उतरवून काढलं. हे मागून बघत होते. म्हणाले, "अगं, सवय असेल कान खाजवायची." मी यांना चहा करायला पाठवलं.

म्हणजे तिथे माणूस नव्हता, चित्रफीत होती. मग माणूस कुठे होता? पहिला संशय सूनबाईवर. आकडा फुगवायला तिने असे किती जण बसवून ठेवले असतील? दुसरा संशय त्या मुलीवर. बापाला कुठे नेऊन ठेवलं आणि चारचौघांत नाव जाऊ नये म्हणून पडद्यावर बसवलं, असं नसेल कशावरून? आणि तिसरी गोष्ट मला मनात आणायचीही नव्हती, पण रात्रभर तीच मनात येत राहिली. माणूस गेला असेल तर? आणि यादीत हजर आहे म्हणून आपल्यापैकी कुणी साधं बघायलाही गेलं नसेल तर? मला भीती वाटली. माझा जोडीदार होता तो. रुसून बसले म्हणून काय झालं!

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मास्तरांकडे गेले. सूनबाई तिथेच टेबलाशी कानाला हेडफोन लावून काम करत होती.

मास्तर कागद वाचून म्हणाले, "बाई, तुम्ही देवालासुद्धा तिकीट विचाराल एक दिवस."

"देव दिसला तर विचारेन. आधी घड्याळजी दिसू देत."

"ते यादीत हजर आहेत. हजर माणसाचं दार वाजवायचा नियम नाही."

"कोण हजर आहे ते यंत्र ठरवणार का?"

सूनबाईने हेडफोन काढला. "काकू, मी खोटी माणसं बसवते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही," मी म्हटलं. खाई त्याला खवखवे, हे मनात म्हटलं.

ती लाल झाली. मग तिने माझा कागद ओढून घेतला, संगणकावर दोन रविवार शेजारी शेजारी लावले आणि सव्विसावं मिनिट काढलं. दोन घड्याळजींनी एकाच क्षणी कान खाजवला. तिने तेवढाच भाग पुन्हा एकदा लावून बघितला.

"दोघांनी जायचं असतं ना?" शेवटी ती म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर."

ती का येतेय, याचाही मला संशय होताच. पुरावा नाहीसा करायला येत असेल. पण एकटीने जायची पद्धत नाही आणि आमच्या यांना नेलं असतं तर त्यांनी दार वाजवायच्या आधी माफी मागितली असती.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. घड्याळजी तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही, हे मी सूनबाईला पहिल्याच पायरीवर दाखवून दिलं. गुडघ्यामुळे आमचे दोन जिने चढवत नाहीत आणि स्वतःचे तीन चढवतात! दाराला कुलूप होतं. समोरच्या दारातून गळ्यात टेप अडकवलेली एक बाई डोकावली. आत शिलाई मशीन होतं.

"घड्याळवाले काका? दुरुस्त केलेली घड्याळं पोचवायला गेलेत. येतील तासाभरात."

"बरे आहेत ना?" मी विचारलं.

"बरे म्हणजे! तीन जिने टकाटक चढतात. तुम्ही त्यांच्या सभेतल्या ना? मग रविवारी भेटतीलच की तुम्हाला. साडेआठला पिशवी घेऊन निघतात, दुपारी येतात. चौदा महिन्यांत एक रविवार चुकवला नाही. श्रद्धा असावी तर अशी!"

जिवंत आहेत हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी डोकं तापलं. सूनबाई म्हणाली, थांबू या, आले की विचारू. मी तिला हाताला धरून खाली आणलं. विचारल्यावर माणूस काय सांगतो, हे एकतीस वर्षं ऐकलंय मी. तिकीट नेहमी शेजारच्याकडे असतं आणि शेजारचा नेहमी आधीच्या स्टॉपवर उतरलेला असतो. बघायचं ते डोळ्यांनी बघायचं.

मला तर उत्तर दिसतही होतं. पलीकडच्या चौकात नवी सभा निघालीय. गादीच्या खुर्च्या, थंडगार हॉल, वाद्यं. घड्याळजींनी पक्ष बदलला होता आणि इथली जागाही अडवून ठेवली होती. आमच्याकडे चित्र, तिकडे माणूस.

पुढच्या रविवारी मी हजेरीची वही यांच्या हातात दिली. हे वहीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. सूनबाईने कॅमेरा नवऱ्यावर सोपवला. साडेआठला आम्ही दोघी घड्याळजींच्या इमारतीसमोर एका उभ्या व्हॅनच्या मागे होतो. ते बाहेर आले, हातात कापडी पिशवी, चाल तुरुतुरु. गुडघ्याचं नावही नाही. आम्ही अंतर ठेवून मागे निघालो. वाटेत त्यांनी एका दुकानातून पाव आणि औषधाच्या दुकानातून कसलीशी बाटली घेतली. दोन्हीकडे गर्दी होती, ते शांतपणे रांगेत उभे राहिले. दोन्हीकडे आम्ही पुढच्या कोपऱ्यावर थांबून चपला बघत असल्याचं नाटक केलं.

नऊ वाजता सूनबाईने मोबाइलवर सभा उघडली. पडद्यावर घड्याळजी राखाडी स्वेटरमध्ये बसून मान डोलवत होते, मागे सव्वाचार. आणि आमच्यासमोर घड्याळजी निळ्या शर्टात रस्ता ओलांडत होते. सूनबाई एकदा मोबाइलकडे बघे, एकदा रस्त्याकडे.

"अगंबाई," एवढंच म्हणाली.

चौकात ते उजवीकडे वळणार याची मला खात्री होती. नवी सभा उजवीकडे आहे. ते डावीकडे वळले. वीज कार्यालयाच्या मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीत शिरले आणि जिना चढू लागले. आम्ही एक मजला खाली थांबलो. वर दार वाजलं. दोन टकटक, मध्ये थांबून एक. आमचंच वाजवणं ते. अठरा वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून ऐकलेलं.

दार उघडलं. "आलात? मला वाटलं आज विसरलात."

आवाज मी ओळखला. गाणाऱ्या वहिनी. आमच्या सभेत वर्षानुवर्षं त्याच आधी सूर लावायच्या, मग आम्ही सगळे त्यांच्या मागून. हल्ली त्यांचा चौकोन काळा असतो. दर रविवारी हजर.

मला राहवलं नाही. मी उरलेल्या पायऱ्या चढून गेले.

"घड्याळजी!"

ते वळले. बिनतिकीट सापडलेल्या माणसांचे चेहरे मी हजारो पाहिलेत. हा तसा नव्हता. ते नुसते दमलेले दिसले, आणि माझी कीव आल्यासारखे. वहिनी आत सरकल्या होत्या.

"कोण आहे हो?" आतून आवाज आला.

"चेकरबाई," घड्याळजी म्हणाले.

मग वहिनी म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी हजर आहे म्हणावं. मोबाइल चालू आहे माझा. ओट्यावर ठेवलाय, बघा म्हणावं." आणि दार लोटून घेतलं.

खरंच, दारामागून मास्तरांचा आवाज येत होता. रिकाम्या स्वयंपाकघरात ते बोलत होते.

घड्याळजी पायरीवर बसले. बसताना त्यांचा गुडघा कटकन वाजला, म्हणजे तेवढं तरी खरं होतं.

सूनबाईने आधी विचारलं. "काका, ती चित्रफीत?"

"मुलीने करून दिली. एका दुपारी तासभर बसून काढली. नऊला आपोआप लागते, तास झाला की बंद होते."

"भिंतीवरचं घड्याळ झाकायला विसरलात," मी म्हटलं.

त्यांनी कपाळावर हात मारला. "सव्वाचार! हो की! अहो, घरात चाळीस घड्याळं टिकटिकतात बाई, भिंतीवरचं मला दिसतच नाही." आणि ते हसले. मी हसले नाही.

मग त्यांनी सांगितलं. काळे चौकोन वाढायला लागले तेव्हा ते असेच एकाकडे सहज गेले. रविवारीच, प्रार्थनेच्या वेळेला. तो माणूस एका खोलीत निजून होता आणि सभा दुसऱ्या खोलीत चालू होती. नऊ दिवस तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. यादीत मात्र हजर. मग दुसऱ्याकडे गेले, मग तिसऱ्याकडे. आता दर रविवारी तीन घरं करतात.

"सगळे असे नसतात," ते सूनबाईला म्हणाले. "काही खरंच ऐकत बसलेले असतात, डोळे मिटून. एक आजी आहे, ती तर तुझ्या पडद्याला नमस्कार करते. पण कोण कसा आहे, ते दार वाजवल्याशिवाय कळत नाही ना पोरी. आणि मी गैरहजर लागलो असतो तर चौथ्या आठवड्यात माझं दार वाजलं असतं. ह्या आल्या असत्या."

"मग येऊ द्यायचं होतं मला! अठरा वर्षं बरोबर चढले मी. मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी पिशवीतला पाव एकदा वर काढला आणि पुन्हा आत ठेवला.

"बाई, यातली निम्मी माणसं पडद्यावर का गेली, ठाऊक आहे? तुम्ही येऊ नये म्हणून. नाव दिसलं की झालं, दार वाजत नाही."

"मी काय केलं त्यांचं?"

"तुम्ही आत आलात की ताप होता म्हणणाऱ्याला औषधाची बाटली दाखवायला सांगता. पाहुणे आले होते म्हटलं तर कपबशा मोजता. या वहिनी सांगत होत्या घसा बसलाय, आणि तुम्ही म्हणालात, 'मघाशी जिन्यातून ऐकलं, फोनवर तर खणखणीत बोलत होतात.'"

"गमतीने म्हटलं होतं मी!"

"त्यांना गाताना रडू यायला लागलं होतं. मुलगा गेल्यापासून. ते सांगायची लाज वाटली, म्हणून घसा म्हणाल्या."

मला मुलाचं माहीत होतं. आम्ही सगळेच गेलो होतो तेव्हा. पण त्याला दोन वर्षं झाली होती आणि मी तो हिशेब मिटला असं धरून चालले होते.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं. "अठरा वर्षं माझ्या शेजारी उभे होतात. एकदा तरी माझी बाही ओढलीत?"

"नाही ओढली," घड्याळजी म्हणाले. "ते माझं चुकलं. बोलायचं काम तुमचं, म्हणून मी गप्प राहिलो. आणि सोपं होतं तसं." ते कठड्याला धरून उठले. "आत जातो. त्यांचा तास चाललाय."

दार त्यांच्यासाठी उघडलं आणि मिटलं. मी आणि सूनबाई पायरीवर उरलो. मला राग आला होता, आणि रागाच्या खाली लाज होती, आणि लाजेपेक्षा राग बरा म्हणून मी रागच धरून ठेवला. आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. मी गेले असताना त्या कधी हसल्याचं मला आठवेना. सूनबाईच्या मोबाइलवर मास्तर आजचा आकडा वाचत होते, दोनशे नऊ. तिने मोबाइल बंद केला.

"चला काकू," ती म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. पहिल्यांदाच मला तिच्याबद्दल कसलाच संशय आला नाही.

पुढचे दोन रविवारही मी सभेला गेले नाही, म्हणजे लागोपाठ तीन झाले. यांच्या हातात वही दिली आणि माझ्या नावापुढे फुली मारायला सांगितली. हे म्हणाले, "अगं, मला विचारतात सगळे, काय सांगू?" मी म्हटलं, काही सांगू नका. सूनबाईने पडद्याची लिंक पाठवली, ती उघडली नाही. परीक्षा बघत नव्हते मी कुणाची, असं स्वतःला बजावत होते. बघत होते. येतंय कोण? सुटलो म्हणत असतील सगळे. हे येऊन सांगायचे, की सूनबाई आता काळ्या चौकोनांची वेगळी यादी काढते, घड्याळजींना देते, मास्तरांनी आकडा वाचणं बंद केलंय. मला वाटायचं, मला बोलावून घ्यायला हे मनचं सांगतायत.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, दार वाजलं. दोन टकटक, मध्ये थांबून एक.

मी जागची उठले आणि तशीच उभी राहिले. खुर्चीवर न घडी केलेले कपडे. टेबलावर सकाळचे कप. टीव्ही चालू. केस विंचरलेले नाहीत, अंगात यांचा जुना शर्ट. दारातून आत आलं की नजर आधी कुठे जाते, तिथून कुठे, मला पाठ होतं. छातीत धडधडायला लागलं. ही धडधड मी किती जणांच्या छातीत सोडून आले असेन, देव जाणे.

"उघडू का?" यांनी विचारलं.

"सांगा, मी घरी नाही," मी कुजबुजले.

"तुझ्या चपला बाहेर आहेत," हे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने पुरावा बघितला होता.

बाहेरून घड्याळजी म्हणाले, "बाई, आम्ही काही विचारायला आलेलो नाही."

आणि मग दुसरा आवाज. "मी आहे सोबत. उघडा."

वहिनी. ही कशाला आली? माझी जिरवायला? बघायला, की चेकरबाईचं घर कसं असतं? आणि आत आल्यावर काय काय विचारेल? विचारायचा हक्क होता तिला. यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझं उत्तर न ऐकताच कडी काढली.

दोघं आत आले. घड्याळजी खिडकीपाशी बसले. वहिनींनी खुर्चीवरचे कपडे उचलून मांडीवर घेतले आणि त्या खुर्चीत बसल्या. कपांकडे बघितलं नाही, शर्टाकडे बघितलं नाही. हे चहा करायला गेले. मी वाट बघत होते. आता विचारतील, का नाही आलात. आता विचारतील. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, प्रश्न काही येईना. शेवटी मलाच ते सहन होईना.

"माझी पाठ धरली होती," मी म्हटलं. "तीन आठवडे उठता येत नव्हतं."

स्वयंपाकघराच्या दारात हे ट्रे घेऊन उभे होते. मला दार उघडायच्या आधी ताडकन उठताना यांनीच पाहिलं होतं. घड्याळजी खिडकीबाहेर बघू लागले. माझा चेहरा काय सांगत होता, ते मला आरशाशिवाय कळत होतं. वहिनींनाही कळलं असणार, कारण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"धरते हो या वयात," वहिनी म्हणाल्या. मांडीवरच्या कपड्यांतला एक टॉवेल त्यांनी काढला, नीट घडी घातली, बाजूला ठेवला, आणि तास पुरा होईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या.